धुतलेला पेन

अंजूरच्या खाडीकाठ वाचनालयातला कंप्युटर दर पंधरा दिवसांनी आजारी पडायचा. आज काय तर चालूच होत नाही, उद्या काय तर पडद्यावर भलत्याच खिडक्या उघडतात, परवा काय तर बचत गटाच्या बायकांनी आठवडाभर बसून केलेली सभासदांची यादीच गायब! मग भिवंडीहून देवेश नावाच्या कारागिराला बोलवायचं. तो यायचा, डब्याचं झाकण काढायचा, चहा प्यायचा आणि "फॉरमॅट करावा लागेल" एवढं एकच वाक्य बोलून सगळं पुसून टाकायचा. कंप्युटर बरा व्हायचा खरा, पण त्याला कालचं काही आठवायचं नाही.

दोष कोणाचा? कोणाचाच नाही! क्रिकेट मंडळ म्हणे, भजनी मंडळाने बिघडवला. भजनी मंडळ म्हणे, गोदामांतली पोरं गाणी भरायला येतात, त्यांचं काम. गोदामांतली पोरं म्हणत, "अपुन ने तो खाली पेन लगाया." आणि खरं सांगायचं तर सगळेच 'खाली पेन' लावत होते. साल २००८. बोटाएवढे पेन ड्राइव्ह तेव्हा खिशाखिशात आले होते, आणि एवढं लांबलचक नाव घ्यायला वेळ कोणाला? गाव त्याला नुसतं 'पेन' म्हणायचं. एकेक पेन ठाण्यापासून भिवंडीपर्यंत दहा कंप्युटर फिरून यायचा आणि दहा ठिकाणची घाण आणून वाचनालयात ओतायचा. लावणाऱ्याला त्याची दादही नसायची. तुमच्या-माझ्या कचेरीत तरी याहून वेगळं काय चाललं होतं म्हणा!

वाचनालयाचे अध्यक्ष होते बाळाराम भोईर. सगळा गाव त्यांना बाळारामशेठ म्हणायचा. वडिलार्जित शेतीतली अर्धी जमीन आता गोदामांच्या पत्र्यांखाली गेली होती. माणूस मनाचा दिलदार, अडल्यानडल्याला धावून जाणारा. फक्त एक खोड होती. आपण केलेलं चांगलं काम समोरच्याच्या लक्षात राहिलंय ना, हे ते अधूनमधून तपासून पाहत. वाचनालयाला कंप्युटर त्यांनीच दिला होता, आणि ही गोष्ट अंजुरात कुणाला ठाऊक नसेल तर तो माणूस त्याच सकाळी गावात आला असला पाहिजे.

कंप्युटरवर लक्ष ठेवायला दिपिकाला नेमलं तेही बाळारामशेठांनीच. दिपिका डोंगराकडच्या पाड्यावरच्या सावळ्या आणि सखीची मुलगी. सखी गेली बावीस वर्षं शेठांच्या शेतावर, खळ्यावर आणि सणावाराला घरीही राबत आली होती. पोरगी शिकली, भिवंडीला जाऊन कंप्युटरचा कोर्स पहिल्या वर्गात पास झाली. समितीत एकदोघांनी नाकं मुरडली, तेव्हा शेठ कडाडले होते, "पाड्यावरची हाय म्हनून काय झालं? हुशार हाय पोर!" त्या वाक्यावर ते स्वतः बरेच दिवस खूश होते.

पोर नुसती हुशार नव्हती, करारी होती. पहिल्याच महिन्यात तिने त्या कंप्युटरला असं वळण लावलं की देवेशचा चहाच बंद झाला. आधी तिने एकेका मंडळाला स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र पासवर्ड दिला. बचत गटाने आपलं उघडायचं, क्रिकेटवाल्यांनी आपलं, भजनवाल्यांनी आपलं. दुसऱ्याच्या कामात कुणाला हात घालता येईना. मग तिने त्या सगळ्यांसाठी पेनची वाट बंद करून टाकली. पेन खाचेत घाला, नाही तर डोक्यावर ठेवा. कंप्युटर ढिम्म हलायचा नाही. पेनला ओळखायचा तो फक्त दिपिकाच्या नावाने उघडला तरच.

"मंग आमचं काम कसं व्हायचं?" भजनी मंडळाच्या नामाने विचारलं.

दिपिकाने अडगळीत पडलेला एक जुना कंप्युटर झटकून पुसून खिडकीपाशी मांडला होता. त्याची कोणत्याच तारेने कोणाशी सोयरीक नव्हती. "आणलेला पेन आधी मला द्यायचा," ती म्हणाली. "मी तो हितं लावनार, आत घान हाय का बघनार, साफ करनार, मंग तुमचं काम मोठ्या कंप्युटरवर टाकून देनार. अर्धा तास लागंल."

"म्हंजे धुवून घेनार!" नामा म्हणाला.

"तसंच समजा."

झालं! शब्द गावाला आवडला. दुसऱ्या दिवसापासून जो तो विचारू लागला, "पेन धुतला का?" नामा तर इतका आज्ञाधारक की पुढच्या खेपेला तो पेन घरूनच धुवून घेऊन आला. विहिरीच्या पाण्याने, साबण लावून! "बघ, तुझं काम वाचवलं," म्हणत त्याने तो निथळता पेन दिपिकाच्या हातावर ठेवला. ती हसली नाही. तिने तो तांदळाच्या डब्यात तीन दिवस सुकत ठेवला आणि चौथ्या दिवशी चालू करून दिला. मग मात्र दोघंही पोट धरधरून हसले. वाचनालयाचे ग्रंथपाल चांगदेव गुरुजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले, "चाळीस वर्षं मी शाळेत शिस्त लावायला ओरडलो. ही पोरगी ओरडत नाही आणि शिस्त लागते!" सात महिने झाले, तो कंप्युटर एकदाही आजारी पडला नाही.

आता शेठांच्या घरची गोष्ट. त्यांची थोरली बहीण कमळ ही पंचक्रोशीतली नावाजलेली धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण मांडवात बसून धवले गाते, आणि तिच्या गाण्याशिवाय हळदीपासून एकही विधी पुढे सरकत नाही. कमळने चाळीस वर्षांत किती लग्नं लावली त्याची मोजदाद तिलाही नव्हती. धवले कुठल्या पुस्तकात नाहीत, ते तिच्या गळ्यात होते. आणि त्याच गळ्याला दुखणं जडलं. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करावंच लागेल, जीव वाचेल, पण आवाजाची आशा ठेवू नका.

तेव्हा ही दिपिकाच पुढे झाली होती. ऑपरेशनच्या आधी चार दुपारी तिने कमळला वाचनालयात बसवलं, खिडक्या लावून घेतल्या, दारावर चांगदेव गुरुजींना पहाऱ्याला ठेवलं आणि एकोणीस धवले कंप्युटरमध्ये उतरवून घेतले. पुढे ऑपरेशन झालं. जीव वाचला. आवाज गेला. आता कमळ भावाकडेच राहत होती, आणि बोलायची ती नुसत्या श्वासाने; कान तिच्या तोंडाशी नेला तरच कळे.

म्हणजे कमळचा आवाज या जगात उरला होता तो फक्त त्या एका डब्यात. सीडीवर उतरवायला हवा म्हणून दिपिका समितीच्या मागे लागली होती, आणि समिती 'बघू, बघू' करत होती. शेवटी देवेश येत्या रविवारी सीडी करायचं यंत्र घेऊन येणार असं ठरलं. पण शेठांच्या नातीची, उन्नतीची हळद होती शुक्रवारी. आणि आजीचे धवले वाजल्याशिवाय अंगाला हळद लावून घेणार नाही, असं उन्नतीने साफ सांगितलं होतं.

म्हणून मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला बाळारामशेठ पेन घेऊन वाचनालयात आले. पेन नवा होता. डीजेवाल्याने त्यावर हळदीची दोनशे गाणी भरून कालच परत केला होता. त्यातच बहिणीचे धवले घ्यायचे आणि पेन डीजेवाल्याकडे द्यायचा, एवढं सोपं काम. वाचनालयात बचत गटाच्या चौघी बसल्या होत्या, गोदामातले दोन सुपरवायझर नंबर लावून उभे होते, गुरुजी पेपर वाचत होते. शेठांनी कुणाला काही न विचारता स्वतःच्या हाताने पेन मोठ्या कंप्युटरला लावला. आपण दिलेल्या कंप्युटरला आपण काय विचारायचं?

कंप्युटर ढिम्म.

त्यांनी पेन काढून पुन्हा लावला, डब्याला दोन चापट्याही मारल्या. काही नाही. सुपरवायझरांपैकी एकाने ओठ दाबून हसू आवरलेलं त्यांना दिसलं.

"शेठ," दिपिका उठून जवळ आली, "पेन आधी मला द्या. धुतल्याशिवाय न्हाय लागनार तो."

रोज दहा जणांना सांगायची तेच वाक्य तिने त्याच सुरात सांगितलं होतं. पण शेठांच्या कानात त्यातला एकच शब्द शिरला आणि आत जाऊन भडकला. धुतल्याशिवाय! त्यांच्या हातची वस्तू, आणि ती धुवून घेणार कोण, तर सखीची पोर!

"माझा पेन धुवायचा?" त्यांचा आवाज चढला. "मी घान हाय का?"

"शेठ, सगल्यांचाच…"

"सगल्यांचं मना सांगू नको! तुझी आय माझ्या खळ्यावर पोसली. तुना हितं बसवली ती मी. कंप्युटर माझा, आवाज माझ्या बहिनीचा, आनि तू मना शिवाशिव शिकवतंस? उघड आताच्या आता!"

दिपिकाचे डोळे भरून आले होते, पण ती जागची हलली नाही. धन्य त्या पोरीची! नोकरी जायला एक शब्द पुरे होता, समोर अध्यक्ष उभा होता, आणि तरी ती काय म्हणाली पाहा.

"तुम्ही अध्यक्ष हाव. लेखी द्या, मी उघडते. पन मंग आजपास्नं सगल्यांना उघडं. तुमच्यापुरतं दार उघडलं तर उद्या यांना मी कुठल्या तोंडानं न्हाय म्हनू?" तिने नंबर लावून उभ्या असलेल्यांकडे बोट केलं. "आनि शेठ, कमळआजीचा आवाज या एकाच ठिकानी हाय. दुसरीकडं कुठंच न्हाय. माझा पेन असता तरी मी तसा लावला नसता."

शेठांनी लेखी काही दिलं नाही. "शनिवारी समिती बसेल, तवा बघू तुझं काय करायचं ते," एवढं बोलून पेन खिशात कोंबत ते तरातरा घरी गेले.

घरी पडवीत कमळ बसली होती, सुपातले हळकुंडाचे तुकडे निवडत. शेठ झोपाळ्यावर बसले आणि सगळी गरळ ओकून मोकळे झाले. पोर माजली, डोक्यावर बसली, उपकार विसरली. "मना बोलतं धुवून घेईन! बाय, तूच सांग, आपल्या घरात कमी हाय का चोखपना?"

कमळ ऐकत होती. तिची बोटं हळकुंडं निवडत होती.

तेवढ्यात मागच्या अंगणातून सखी आली. लग्नघरचे तांदूळ पाखडायला ती दोन दिवस येत होती. तिला बघून शेठांची सून मृणाली चहाची किटली घेऊन बाहेर आली. पडवीच्या बाहेर, वळचणीला एका खुंटीच्या फळीवर कान तुटलेला एक कप पालथा होता. सखीने तो स्वतःच काढला, पुढे धरला. मृणालीने किटली कपाला लागणार नाही अशी वर धरून चहा ओतला. सखीने अंगणात उकिडवं बसून तो प्यायला, बादलीतल्या पाण्याने कप आतून-बाहेरून धुतला आणि होता तिथे पालथा घातला. मग पदराला हात पुसून ती मागे निघून गेली. मृणाली चांगली सून होती, सखीशी कधी वाकडं बोलली नव्हती. या घरात ती आली तेव्हा सासूने जसं दाखवलं तसं ती करत होती. हे रोजचंच होतं. शेठांनी ते हजारदा पाहिलं असेल, म्हणजे एकदाही पाहिलं नव्हतं.

कमळने सूप खाली ठेवलं आणि बोटाने भावाला जवळ बोलावलं. त्यांनी कान तिच्या तोंडाशी नेला.

"तो कप कोनाचा?"

"सखीचा."

"धुतला कोनी?"

बहीण थांबली नाही. डॉक्टरांनी बोलायला मनाई केलेली, एकेका शब्दाला तिला धाप लागत होती, तरी ती बोलत राहिली.

"बावीस वरसं ती कप धुतं. ती कवा बोलली का, मी घान हाय का म्हनून? तुना आज एकदा तिची पोर बोलली, पेन धुवायला दे, तर तुझं आंग जललं. तिचं जलत नसंल काय रं?"

"बाय, ते येगलं…"

"येगलं हायच!" कमळचा श्वास शिट्टीसारखा वाजला. "तिची पोर सगल्यांचा पेन धुतं. नामाचा, गुरुजींचा, गोदामवाल्यांचा. तिचा सोताचा पन धुवंल. तू सखीच्या एकटीचाच कप धुवून घेतस. मंग सांग, शिवाशिव कोन पालतंय? ती का तू?"

पाड्यावरची आहे म्हणून काय झालं, हे आपलंच वाक्य शेठांना आठवलं आणि कानाच्या पाळ्या तापल्या. सभेत बोलायला ते वाक्य किती सोपं होतं! घरात आणायला बावीस वर्षं पुरली नव्हती. ते ताडकन उठले, वळचणीचा कप उचलला आणि अंगणातल्या दगडावर आपटायला हात वर केला.

कमळने शेजारची काठी जमिनीवर ठोकली. तिने मानेनेच नको म्हटलं, आणि आत स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. फोडू नकोस, आत ठेव.

शेठ कप घेऊन आत गेले. मृणालीच्या मांडणीवर घरातले बारा कप टांगले होते, त्यांच्या शेजारी त्यांनी तो ठेवला. "आजपास्नं सगले कप एकत्र," ते म्हणाले. "सखीला पडवीत बसवून चहा द्यायचा, आनि कप कोनी धुवायचा ते ज्यानं चहा केला त्यानं बघायचं." मृणालीने सासऱ्यांच्या चेहऱ्याकडे एकदा बघितलं. "बरं झालं, मामा," ती हळूच म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेठांचा चहा तिने त्याच कान तुटलेल्या कपात आणून दिला, आणि शेठ तो मुकाट्याने प्यायले.

बुधवारी अकरा वाजता ते पुन्हा वाचनालयात गेले. या वेळी ते थेट कंप्युटरकडे गेले नाहीत. पुढे दोघे जण होते, त्यांच्या मागे उभे राहिले. चांगदेव गुरुजींचा पेपर हातातच राहिला. नंबर आल्यावर शेठांनी पेन दिपिकाच्या टेबलावर ठेवला.

"दिपिकाताय," ते म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "हा तेवढा धुवून द्या. काल मी जे बोललो ते चुकलो मी. तुमची माफी मागतो."

दिपिका गडबडून उभी राहिली. "शेठ, असं नका बोलू. बसा. तुमच्या समोरच बघू."

तिने पेन खिडकीपाशी जुन्या कंप्युटरला लावला. शेठ स्टूल ओढून बसले. पडद्यावर पेन उघडला, आणि दोघांच्याही कपाळाला आठी पडली. दोनशे गाणी कुठे होती? एकही नव्हतं! नुसती एक पिवळी पेटी, म्हणजे फोल्डर, दिसत होती, तिच्यावर नाव 'हळद'.

"त्या पेटीत असतील," शेठ म्हणाले.

"ही पेटी न्हाय, शेठ. पेटीचं सोंग हाय." दिपिकाचा आवाज बदलला होता. "एरवी मी हे करत न्हाय, पन तुम्हाला दाखवते. हा कंप्युटर गेला तरी चालंल." तिने बाजूलाच 'भजनं' नावाची पेटी उघडून दाखवली. नामाच्या मंडळाची चौदा भजनं मोठ्या कंप्युटरवर होतीच, त्यांची नक्कल तिने या जुन्या कंप्युटरवर मुद्दाम ठेवली होती. "मोजा."

शेठांनी बोट ठेवून मोजली. चौदा. मग तिने 'हळद'वर क्लिक केलं. काहीच झालं नाही. कंप्युटर थोडा घुरघुरला आणि गप्प झाला. तिने 'भजनं' पुन्हा उघडली.

रिकामी! चौदातलं एक भजनही उरलं नव्हतं!

"हा किडा गानीच शोधतो आनि पुसतो," दिपिका सांगत होती. "तुमची दोनशे त्यानंच खाल्ली. डीजेवाल्याच्या कंप्युटरमधून आला आसंल, त्यालाबी ठाऊक नसंल बिचाऱ्याला."

शेठ पडद्याकडे पाहत राहिले. काल त्यांनी हाच पेन मोठ्या कंप्युटरला एकदा नाही, दोनदा लावला होता. चापट्या मारल्या होत्या. हुकूम सोडला होता. वाट उघडी असती तर 'हळद' असं नाव बघून त्यांनी स्वतःच्या बोटाने त्यावर क्लिक केलं असतं, आणि आत एकोणीस धवले होते! आई-वडिलांच्या लग्नातले धवले, आजीने आईला आणि आईने कमळला दिलेले. कमळचा आवाज दुसऱ्यांदा गेला असता, तोही त्यांच्याच हाताने, आणि या खेपेला काहीच उरलं नसतं! तो धिप्पाड माणूस भरल्या वाचनालयात रडला, आणि त्याची त्यांना लाज वाटली नाही.

दिपिकाने पेन पुसून कोरा केला, दोनदा तपासला, मग आपल्या नावाने मोठा कंप्युटर उघडून एकोणीसही धवले त्यात भरून दिले. ठरल्याप्रमाणे रविवारी देवेशने त्यांच्या सीड्याही केल्या. आणि शनिवारची समिती? ती लग्नामुळे बुधवारीच बसली, अध्यक्षांनी स्वतः ठराव मांडला: पेन कोणाचाही असो, अध्यक्षाचा असला तरी, दिपिकाताईंच्या हाताखालून गेल्याशिवाय कंप्युटरला लागणार नाही. नामाने "साबन कोनता लावायचा?" असं विचारून समितीला हसवलं, आणि ठराव एकमताने पास झाला.

त्याच संध्याकाळी शेठ हळदीचं बोलावणं घेऊन पाड्यावर गेले. बावीस वर्षांत ते सखीच्या दारी पहिल्यांदाच गेले होते. सावळ्याच्या हातात अक्षता देऊन त्यांनी सांगितलं, "कामाला न्हाय यायचं. लग्नाला यायचं. तिघंबी या." सखीने पाणी आणलं, आणि शेठांनी ते अंगणात न पिता ओट्यावर बसून प्यायलं.

शुक्रवारी मांडवात हळदीची परात आली तेव्हा बायका नेहमीसारख्या बोलत होत्या, पोरं धावत होती. दिपिकाने कालच साफ करून दिलेल्या आपल्या कंप्युटरला डीजेवाल्याने पेन लावला आणि कर्ण्यातून कमळचा आवाज आला. भरदार, थोडा घोगरा, जसाच्या तसा! धावणारी पोरं जागच्या जागी थांबली. म्हाताऱ्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. उन्नतीला हळद लागत होती आणि पाटावर बसलेली ती पोर आजीकडे बघत हुंदके देत होती. कमळ भिंतीला टेकून बसली होती. तिचे ओठ प्रत्येक शब्दाबरोबर हलत होते, आणि शब्द मात्र वरून येत होते. तिच्या शेजारी सखी आणि दिपिका बसल्या होत्या, नव्या लुगड्यांत.

तिसऱ्या धवल्यात एक जागा होती. कमळचा सूर मध्येच तुटला, तिला ठसका लागला होता. आणि कर्ण्यातून एक तरुण आवाज आला, अगदी स्पष्ट: "आजी, पानी प्या. घाई न्हाय. मी थांबते."

डीजेवाला धावत आला. "शेठ, हे मधलं बोलणं राहून गेलंय. काढून टाकू?"

बाळारामशेठांनी मांडवाकडे पाहिलं. कमळने सखीच्या पोरीचा हात आपल्या हातात घट्ट धरला होता.

"नको काढू," ते म्हणाले. "तेवढ्यावरच तर धवले राह्यलेत."

सुजाण वाचकहो, अंजूरच्या त्या घराण्यात आता ज्या ज्या लग्नात ते धवले वाजतील, त्या त्या मांडवात पाड्यावरच्या एका मुलीचा आवाज घुमेल. तिने काय मोठं केलं? सगळ्यांच्या वस्तूला सगळ्यांसाठी एकच नियम लावला, आणि मोठ्या माणसापुढे तो वाकू दिला नाही. असं माणूस तुमच्या कचेरीत, शाळेत, वाचनालयात भेटलं तर त्याच्यावर डोळे वटारू नका, त्याचे उपकार माना. आणि एखादा नियम आपल्याला झोंबला की रागावण्याआधी एवढंच विचारा, हा सगळ्यांना सारखा लागतो ना? लागत असेल तर आपण कितीही मोठे असलो तरी निमूट रांगेत उभं राहावं. तो काही माणसांनाच लागत असेल, तर मात्र त्याला नियम म्हणू नये. तो अपमान आहे. आणि तो मोडायला दुसऱ्याच्या दारी जाण्याआधी आपल्या घरात शोधावा.